चंद्रावर उतरवणाऱ्या रडारची छोटी प्रतिकृती: खाणीतल्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या पोटाखाली जे रडार असतं, त्याचं काम करणारी एक फळी बनवायची आहे. फळी उंचावरून दोरानं खाली सोडायची आणि तिनं स्वतः सांगायचं: जमीन किती खाली आहे, आपण किती वेगानं उतरतोय, बाजूला किती सरकतोय. डिप्लोमाचे दोन विद्यार्थी सोबत आहेत, ऋतुराज आणि सानिका. पुढे कुणाला हेच करायचं असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून नोंदी ठेवतोय.

नमुना अपोलोच्या लँडिंग रडारचा घेतलाय. सॅन दिएगोच्या रायन एरोनॉटिकल कंपनीनं ते बनवलं होतं. त्याआधी चंद्रावर उतरवायच्या माणूसरहित सर्व्हेयर यानांचं रडारही त्यांचंच. अपोलोच्या रडारमध्ये चार बीम. तीन तिरके, १०.५१ गिगाहर्ट्झवर सतत चालणारे, डॉपलरवरून (परत आलेल्या लाटेच्या फ्रिक्वेन्सीत वेगामुळे पडणाऱ्या फरकावरून) वेग काढणारे. चौथा ९.५८ गिगाहर्ट्झचा, उंचीसाठी. त्याची फ्रिक्वेन्सी करवतीच्या दात्यांसारखी चढत जाते आणि परत खाली येते.

आपल्या सोयीची गोष्ट अशी, की बाजारात मिळणारं एचबी१०० नावाचं मोशन सेन्सर मॉड्यूल १०.५२५ गिगाहर्ट्झवर चालतं. म्हणजे अपोलोच्या वेगमापकाला अगदी खेटून. सेकंदाला एक मीटर वेगाला ७०.२ हर्ट्झचा डॉपलर, हे गणित अपोलोला जवळजवळ तसंच लागू होतं. पुण्यात बुधवार पेठेतून पाच मॉड्यूल आणली, ३५० रुपयांना एक. उंचीसाठी २४ गिगाहर्ट्झचं, आय आणि क्यू असे ९० अंशांच्या फरकाचे दोन आउटपुट देणारं (त्यांवरून दिशाही कळते), फ्रिक्वेन्सी बदलता येणारं मॉड्यूल बाहेरून मागवलंय. ते ४,८०० ला पडलं, आणि यायला वेळ लागणार आहे.

१८ जानेवारी

एचबी१०० चं आउटपुट मायक्रोव्होल्टमध्ये असतं. दोन टप्प्यांचा ऑपॅम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) लावला, एकूण गेन चार हजारांच्या आसपास. आधी एलएम३५८ वापरला. त्याचा खरखराट इतका, की टेबलावर कुणी हात हलवला तरच काहीतरी दिसायचं. एनई५५३२ बसवल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकाला चालणारा माणूस स्वच्छ दिसू लागला.

मग आला भुताटकीचा वेग. फळी टेबलावर स्थिर, खोलीत कुणी हलत नाही, आणि स्क्रीनवर सेकंदाला १.४२ मीटर. तासन्‌तास तेवढाच. ग्राउंड बदललं, केबल बदलली, पॉवर बँक काढून लेड ॲसिड बॅटरी लावली. पॉवर बँकेमुळे वेगळा एक त्रास होता तो गेला, त्यामुळे बॅटरी कायम ठेवलीय. पण १.४२ हलेना.

सानिकानं उलटं गणित केलं. १.४२ गुणिले ७०.२ म्हणजे १०० हर्ट्झ. विजेच्या ५० हर्ट्झची दुप्पट. ट्यूबलाइट! ट्यूबमधला वायू सेकंदाला शंभर वेळा पेटतो आणि मंदावतो, आणि पेटलेला वायू मायक्रोवेव्ह परतवतो. रडारला ती ट्यूब हलणारी वस्तूच वाटते. बटण बंद केलं, वेग शून्य.

ही नोंद पहिल्यांदा लिहून ठेवण्याचं कारण: सिग्नल जोरदार होता, स्थिर होता, एकाच आकड्यावर होता, आणि पूर्ण खोटा होता. चांगल्या रीडिंगची म्हणून जी लक्षणं आपण धरतो ती सगळी त्याच्यात होती.

२ फेब्रुवारी

एचबी१०० चा बीम फार पसरट आहे, एका दिशेत ८० अंशांच्या आसपास. २५ अंशांनी तिरका लावला तरी तो सरळ खाली, बाजूला, सगळीकडेच बघतो. मग स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या आलेखात, डॉपलरचं एक टोक दिसत नाही, पसरलेला ढिगारा दिसतो. अपोलोच्या अँटेनात सपाट ॲरे होते आणि बीम काही अंशांचेच. तेवढं आपल्याला झेपणार नाही, पण हॉर्न (बीम अरुंद करणारा पत्र्याचा कर्णा) जमतो.

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून हॉर्न केले. हा पत्रा निवडण्यामागे एकच कारण, त्याला सोल्डर धरतं. ॲल्युमिनियमला धरत नाही. तोंड ९५ बाय ८० मिलिमीटर. या मापाला बीम साधारण २० अंशांवर येतो. पहिल्या हॉर्नचे सांधे फक्त टाचून घेतले होते, तर फटींतून गळती होत होती आणि बाजूचा माणूसही दिसत होता. सांधा सलग सोल्डर करा, आतून फाइल मारा. डबा आधी गरम पाण्यात साबणानं धुवा, तेलकट पत्र्यावर सोल्डर गोळा होऊन घरंगळतं.

मॉड्यूल एकमेकांना दिसू नयेत म्हणून मध्ये लावायला काळा फोम आणला, आयसी खोचून येतो तसला. ७०० रुपये वाया. १० गिगाहर्ट्झला त्यानं काही फरक पडला नाही.

९ फेब्रुवारी

पहिली चाचणी एका नव्या इमारतीच्या लिफ्टच्या डक्टमध्ये. लिफ्ट अजून बसायची होती, वारा नाही, पाऊस नाही, वर कप्पी बांधायला हुक आहे. कागदावर उत्तम जागा.

प्रत्यक्षात डक्टनं आम्हाला पूर्ण हरवलं. भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट ठोकलेले होते. प्रत्येक ब्रॅकेट खाली असताना जवळ येतो, म्हणून पूर्ण वेग दाखवतो. बाजूला आला की शून्य. मग वर जातो. खाली उतरताना असे ब्रॅकेट एकामागून एक जातात, आणि स्क्रीनवर वरून खाली घसरणाऱ्या तिरक्या रेषांची रांग लागते. जमिनीचा सिग्नल त्यांच्याखाली गाडला गेला. डक्टच्या तळाशी सपाट कोबा होता, तोही तिरक्या बीमला काही परत देत नव्हता.

तळाचं हे दुसरं प्रकरण घरी येऊन नीट तपासलं. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर तिरका बीम टाकला तर जवळजवळ काहीच येत नाही. लाट समोर निघून जाते. त्याच फरशीवर वीस मिलिमीटरची खडी पसरली की सिग्नल भरभरून. आपली तरंगलांबी २८.५ मिलिमीटर आहे; पृष्ठभागाचा खडबडीतपणा त्याच्या जवळपास असेल तरच लाट सगळीकडे विखुरते आणि थोडी आपल्याकडे परत येते. म्हणजे इमारतीत ही चाचणी होणं नाही. खडी, दगड, चुरा असलेली उघडी जागा हवी.

कोल्हापूरजवळ एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिची परवानगी मिळाली. बेसॉल्टच बेसॉल्ट. चंद्रावरच्या काळपट मैदानांचा खडकही बेसॉल्टच, आणि म्हणून लोणारचं विवर चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना एवढं मोलाचं. लोणारला जाऊन चाचणी करायचा मोह ऋतुराजला झाला होता, पण ते अभयारण्य आहे, तिथे दोर-कप्पी घेऊन जायचा विचारही करू नये. (चंद्रयानाच्या चाचणीसाठी इस्रोला मैदानी भागाची नव्हे, चंद्राच्या उजळ उंच प्रदेशासारखी माती हवी होती. तो खडक, ॲनॉर्थोसाइट, तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीहून आणला होता.)

१५ फेब्रुवारी

तीन मॉड्यूल एकत्र चालू केली की दहा-पंधरा मिनिटांनी एक शिट्टी स्पेक्ट्रममधून सरकत जायची. वरून यायची, शून्यापर्यंत उतरायची, पुन्हा वर. वाटेत जे खरं टोक सापडेल त्याला झाकून टाकायची.

प्रत्येक एचबी१०० चा ऑसिलेटर (लाट निर्माण करणारा भाग) स्वतंत्र आहे. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत काही मेगाहर्ट्झचा फरक असला तर तो आपल्या ऑडिओ पट्ट्याबाहेर राहतो. पण तापले की ते सरकतात, आणि दोन जवळ आले की त्यांच्यातला फरक आपल्या पट्ट्यात येतो. अपोलोत हा प्रश्न मुळातच टाळलाय: तिन्ही वेग-बीमना एकच ट्रान्समीटर, आणि उंचीचा बीम जवळजवळ एक गिगाहर्ट्झ लांब.

१० गिगाहर्ट्झ मोजायचं कशानं? स्पेक्ट्रम ॲनालायझर नाही. भंगारवाल्याकडून डिश टीव्हीच्या छत्रीचा एलएनबी (छत्रीपुढचा, उपग्रहाची फ्रिक्वेन्सी खाली उतरवणारा डबा) घेतला, १५० रुपयांना. त्यातला ऑसिलेटर ९.७५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे १०.५२५ चा सिग्नल ७७५ मेगाहर्ट्झवर उतरतो, आणि तो आरटीएल-एसडीआरच्या (संगणकाला जोडायच्या रेडिओ रिसीव्हरच्या) आवाक्यात आहे. एलएनबीचा पट्टा खरं तर १०.७ पासून सुरू होतो, पण खोलीतल्या खोलीत एचबी१०० त्याला ठणठणीत ऐकू येतो. एलएनबीला केबलमधून १३ व्होल्ट द्यावे लागतात. मध्ये बायस-टी (केबलमधली वीज आणि सिग्नल वेगळे करणारा जोड) घाला, नाहीतर ते १३ व्होल्ट एसडीआरच्या तोंडात जातील आणि ३,२०० रुपये गेले.

पाचही मॉड्यूल अर्धा तास तापवून, एकेक करून बघितली. त्यातली दोन एकमेकांच्या अगदी जवळ निघाली. त्यातलं एक बाजूला ठेवलं. उरलेल्या चारांत एकमेकांपासून निदान एक मेगाहर्ट्झचं अंतर आहे. शिट्टी बंद.

२२ फेब्रुवारी

खाणीत पहिला पूर्ण दिवस. टप्प्याच्या कडेवरून लोखंडी पाइप पुढे काढला, त्याला कप्पी, खाली फळी. फळीला दोन दोर, म्हणजे ती स्वतःभोवती फिरत नाही. रडार खरं सांगतंय का हे ठरवायला दुसरं माप हवंच, म्हणून कप्पीवर आठ चुंबकं आणि हॉल सेन्सर. कप्पीचा व्यास २० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक पल्सला ७.८५ सेंटिमीटर दोर सुटला.

पहिल्याच उतरणीत रडारचा वेग वरखाली नाचत होता आणि कप्पी मात्र सरळ रेघ दाखवत होती. रडारमध्ये काय बिघडलं ते शोधत बसलो. खाणीवरचे जुने मुकादम मामा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "सर, ह्यो नायलॉनचा दोर ताणतोय की. वजन पडलं की हातभर खाली, सोडलं की वर. तारेचा घ्या."

रडार बरोबर होतं. फळी खरोखरच वरखाली होत होती. कप्पीला ते कळायचा मार्गच नव्हता. तारेचा दोर आणल्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

आडव्या वेगाची चाचणी झोक्यानं केली. आठ मीटर दोरावर फळी लटकवली, एक मीटर बाजूला ओढून सोडली. तळाशी तिचा वेग सेकंदाला १.१ मीटर असायला हवा आणि एक झोका पुरा व्हायला ५.७ सेकंद. २५ अंशांच्या तिरक्या बीममध्ये ते ३३ हर्ट्झ होतात. टोक ३३ च्या जवळ आलं, पण झोका २.८ सेकंदांतच पुरा होताना दिसला. म्हणजे बरोबर निम्मा.

कारण सरळ आहे. एचबी१०० ला वेग कळतो, दिशा कळत नाही. फळी पुढे जातेय की मागे, दोन्ही वेळा ३३ हर्ट्झच. यान खाली येत असताना हे चालून जातं, कारण उतरण्याच्या वेगामुळे सगळे बीम जवळ येण्याच्याच बाजूला असतात. पण जमिनीजवळ, उतरण्याचा वेग कमी आणि बाजूची सरक जास्त, अशा वेळी मागचा बीम शून्य ओलांडून उलट्या बाजूला जाऊ शकतो. नेमकी तीच वेळ यान कलंडायची. अपोलोच्या वेगमापकात प्रत्येक बीमला ९० अंशांच्या फरकानं चालणारे दोन मिक्सर (सोडलेल्या आणि परत आलेल्या लाटेतला फरक काढणारे भाग) होते ते यासाठीच. नव्यानं आलेलं आय-क्यू मॉड्यूल तात्पुरतं तिरकं लावून तोच झोका पुन्हा दिला. आता रेघ शून्याच्या वर आणि खाली, पूर्ण ५.७ सेकंदांची.

आणखी एक गोष्ट याच दिवशी पक्की झाली. फळी पाच अंशांनी कलली आणि सेकंदाला दोन मीटरनं सरळ खाली आली, तर रडारला ०.१७ मीटरची आडवी सरक दिसते, जी नाहीच. रडार फक्त स्वतःच्या फळीच्या दिशा जाणतं, खाली कुठे हे त्याला ठाऊक नसतं. एमपीयू६०५० चा कल-मापक फळीवर चिकटवला.

२ मार्च

आज दुपारी आपल्या वेळेनुसार दोनच्या सुमारास फायरफ्लाय कंपनीचं ब्लू घोस्ट मेअर क्रिसियममध्ये नीट, उभं उतरलं. खाणीत मोबाइलला रेंज कशीबशी होती, तरी तिघांनी डोकी एकत्र करून पाहिलं. मामांनीही पाहिलं.

आजचं काम उंचीमापकाचं. २४ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलची फ्रिक्वेन्सी १० मिलिसेकंदांत १८० मेगाहर्ट्झ चढवायची, परत आलेल्या लाटेशी फरक घ्यायचा. एक मीटर उंचीला १२० हर्ट्झ पडतात.

आधी टोक पसरट येत होतं. व्होल्टेज सरळ चढवलं तरी फ्रिक्वेन्सी सरळ चढत नाही, सुरुवातीला भरभर आणि शेवटी रेंगाळत. सहा मीटरवर पत्रा उभा केला आणि टोक टोकदार होईपर्यंत व्होल्टेजचं टेबल हातानं वाकवत गेलो. यात आख्खी सकाळ गेली. फळीवरच्या ईएसपी३२ या छोट्या संगणकाच्या आतला आठ बिटांचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) पायऱ्या पाडतो, तो वापरू नका. बारा बिटांचा वेगळा लावा. प्रत्येक दात्याच्या सुरुवातीचा थोडा भाग टाकून द्या, तिथे फ्रिक्वेन्सी मागे उडी मारते त्याचा कचरा असतो.

फळी स्थिर लटकवून १० मीटरवर माप घेतलं, ओळंबा सोडून ताडून पाहिलं, बरोबर. मग सेकंदाला दोन मीटरनं सोडली. त्याच १० मीटरवरून जाताना रडार म्हणतं ७.३!

फळी खाली जात असल्यामुळे डॉपलरचे ३२२ हर्ट्झ उंचीच्या १,२०० हर्ट्झमधून वजा होतात. उरतात ८७८, म्हणजे ७.३ मीटर. जमीन आहे त्यापेक्षा पावणेतीन मीटर जवळ दिसते, आणि वेग वाढला की आणखी जवळ. चुकीची उंची वेगाबरोबर बदलते, म्हणून एखादा ठरावीक आकडा मिळवून ती दुरुस्त होत नाही.

अपोलोच्या रडारमध्ये यासाठी वेगाच्या बीममधला डॉपलर उंचीच्या गणितात घालून ही चूक काढली जायची. आम्हीही तेच केलं: एचबी१०० कडून सरळ खालचा वेग घ्यायचा, त्याचे २४ गिगाहर्ट्झला किती हर्ट्झ होतील ते मोजायचं आणि मिळवायचं. ७.३ चे ९.९ झाले. दुसरी वाट म्हणजे चढता आणि उतरता असा दोन्ही बाजूंचा त्रिकोणी स्वीप. दोघांची सरासरी घेतली की डॉपलर आपोआप कटतो. ताळा म्हणून तोही करून पाहिला, उत्तर जुळलं. पण पहिल्या पद्धतीनं एक गोष्ट अंगावर येते: आता वेग चुकला की उंचीही चुकणार. चारही बीम एकमेकांत गुंतले.

८ मार्च

परवा रात्री इंट्युइटिव्ह मशीन्सचं अथिना यान दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, पण आडवं झालं. उंची मोजणाऱ्या लेझरचं रीडिंग नीट येत नव्हतं असं कंपनीनं सांगितलंय. सानिका सकाळी आली तीच हे घेऊन: "सर, उंची मोजताच येत नसेल तर एवढं सगळं पुढचं कसं होणार?"

आज खाणीच्या कडेवरून फळी आडवी न्यायची होती. कडेच्या दोन्ही बाजूंना तार ताणली, तिच्यावर गाडी, गाडीखाली फळी. वरच्या टप्प्यावर असताना जमीन ३ मीटर खाली; कड ओलांडली की एकदम ११. उंचीच्या रीडिंगमध्ये अधूनमधून येणाऱ्या उड्या गाळायला एक चाळणी लावलेली होती: मागच्या अंदाजापेक्षा दीड मीटरहून जास्त फरक असेल तर ते रीडिंग खोटं, सोडून द्या, आणि वेगावरून उंची पुढे चालवा. बहुतेक सगळे असंच करतात, आणि सपाट जमिनीवर ते उत्तम चालत होतं.

कड ओलांडली. रडारनं ११ दाखवलं. चाळणीनं ते फेकलं. पुढचंही फेकलं. त्याच्या पुढचंही. गाडी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत फळीच्या हिशेबात जमीन तीनच मीटरवर होती. "सर, खरं तेच फेकून दिलंय ह्यानं," ऋतुराज म्हणाला.

हे हुबेहूब घडून गेलेलं आहे. २६ एप्रिल २०२३ ला जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुतो-आर यान अॅटलस विवराकडे उतरत होतं. विवराच्या काठावरून आत येताना खालची जमीन सुमारे तीन किलोमीटरनं खोल गेली. उंचीमापकानं ते बरोबर सांगितलं. संगणकानं ठरवलं की एवढी उडी म्हणजे सेन्सर बिघडला, आणि त्याचं ऐकणं बंद केलं. आपण जमिनीला टेकलो असं यानाला वाटलं तेव्हा ते अजून सुमारे पाच किलोमीटर वर होतं. ते तिथेच हळूहळू उतरत राहिलं, इंधन संपलं, आणि पडलं. उतरण्याची जागा आराखडा पक्का झाल्यावर बदलली होती, आणि नव्या वाटेवरचा तो कडा चाचण्यांत पुरेसा आला नव्हता.

ट्यूबलाइटचं रीडिंग स्थिर आणि खोटं, खाणीच्या कडेचं रीडिंग उडी मारणारं आणि खरं. मग विश्वास कशावर ठेवायचा, याचं उत्तर एका बीमच्या आकड्यात नसतंच. अपोलोत हे काम माणसाकडे होतं. रडार 'डेटा गुड' असा संकेत द्यायचं, पण संगणक तरीही ते आपोआप घेत नसे. स्वतःच्या हिशेबातली उंची आणि रडारची उंची यांतला फरक अंतराळवीरांना दिसायचा. तो ठीक वाटला तर ते परवानगी द्यायचे. अपोलो ११ च्या वेळी तो फरक २,९०० फूट होता. ऑल्ड्रिननं तो आकडा पडद्यावर मागवला आणि १२०२ चा, म्हणजे संगणकावर कामाचा भार जास्त झाल्याचा, गजर झाला. त्या गजराच्या मुळाशी दुसरंच रडार होतं, चंद्राभोवती फिरणाऱ्या मुख्य यानाच्या भेटीसाठीचं, जे चालू राहून संगणकाचा वेळ खात होतं. अपोलो १४ ला लँडिंग रडार पकडच घेईना. १०,००० फुटांपर्यंत रडार नसेल तर परत फिरायचं असा नियम. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षानं ब्रेकर काढून परत लावायला सांगितला, अंतराळवीर शेपर्ड-मिचेलनी तसं केलं, आणि रडार आलं. जवळच्या उंचीसाठी असलेल्या पट्टीवर ते आधीच जाऊन बसलं होतं.

माणूस नसलेल्या यानाचं काय होतं ते सर्व्हेयर ३ नं २० एप्रिल १९६७ ला दाखवलं. अगदी शेवटी त्याच्या रडारची पकड सुटली, इंजिन बंद व्हायचा हुकूम निघालाच नाही, आणि यान टेकून पुन्हा उडालं, दोनदा.

आमच्याही पकडीचा घोटाळा आजच झाला. खाणीच्या तळाशी जुन्या डंपरचा पत्र्याचा हौदा पडलाय. डावा बीम त्याच्यावरून जाताना हौद्याचा कोपरा इतका जोरात परतला, की शेजारचे बीमही आपल्या बाजूच्या गळतीतून तोच पाहू लागले. तिघांपैकी दोन चूक. आणि तीन बीममधून तीन दिशांचे वेग काढायचे म्हटल्यावर ताळा करायला काही शिल्लक राहत नाही. काहीही आकडे घाला, काहीतरी उत्तर येतंच.

दोन दुरुस्त्या केल्या. एक, चौथा एचबी१०० लावला: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, सगळे सारख्या कोनात. आता फळी कशीही सरकली तरी पुढचा अधिक मागचा, हे डावा अधिक उजवा यांच्याइतकं यायलाच हवं. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर हिरवा दिवा विझतो आणि रडारचा वेग घेतला जात नाही. हौद्यावरून गेलं की दिवा विझतो, पुढे गेलं की लागतो. दोन, उंचीच्या चाळणीला आठवण दिली. उडी मारलेलं रीडिंग लगेच घ्यायचं नाही, पण फेकायचंही नाही, बाजूला ठेवायचं. पुढची रीडिंग त्याच्याशीच जुळत राहिली, वेगाशी सुसंगत बदलत राहिली आणि सिग्नलचा जोर टिकून असला, तर मान्य करायचं की जमीनच खाली गेली. आमच्याकडे त्याला अर्धा सेकंद लागतो. पुन्हा कड ओलांडली. अर्धा सेकंद तीन, आणि मग अकरा.

चंद्रयान-३ चं विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं तेव्हा त्याच्यावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचा का-बँड रडार उंचीमापक होता, लेझर उंचीमापक वेगळा, लेझर डॉपलर वेगमापक वेगळा, आणि आडवा वेग बघणारा कॅमेरा त्याहून वेगळा. एकाच गोष्टीला इतके साक्षीदार का ठेवले, हे आज खाणीत उभं राहून कळलं.

१५ मार्च

शेवटची उतरण, सगळं एकत्र. सेकंदाला अर्ध्यापासून अडीच मीटरपर्यंत वेग बदलत फळी अकरा मीटर खाली आणली. उतरण्याचा वेग कप्पीशी ०.१ मीटरच्या आत जुळला. उंची दोन मीटरच्या वर असताना ४० सेंटिमीटरच्या आत. १८० मेगाहर्ट्झच्या स्वीपला दोन वस्तू वेगळ्या दिसायला त्यांच्यात ८३ सेंटिमीटरचं अंतर लागतं, तेव्हा सपाट जमिनीवर हे चांगलंच म्हणायचं.

दीड मीटरच्या खाली उंचीमापक निकामी आहे. ट्रान्समीटरची स्वतःची गळती त्या जागी येऊन बसते आणि जमीन तिच्यात बुडते. त्यावर झगडत बसलो नाही. फळीखाली एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची काठी लावली, टोकाला मायक्रोस्विच. अपोलोच्या पायांखाली १.७ मीटरच्या काठ्या होत्या आणि त्या टेकल्या की आत दिवा लागायचा. शेवटच्या टप्प्यात तिथेही रडारवर सोडलं नव्हतं.

खर्च असा: एचबी१०० पाच, १,७५०. २४ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल ४,८००. एसडीआर ३,२००. ऑडिओ एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या) तीन पाट्या ९००. ईएसपी३२ दोन (एक वेगासाठी, एक उंचीसाठी) ९००. एलएनबी १५०. ऑपॅम्प, डॅक, किरकोळ ९००. तारेचा दोर आणि कप्पी १,४००. वाया गेलेले: फोम ७००, नायलॉनचा दोर ५५०. एकूण सव्वापंधरा हजार. ईएसपी३२ चं वायफाय उतरणीत बंद ठेवा, रीडिंग कार्डावर साठवा. वायफाय चालू असलं की दर काही मिलिसेकंदांनी सगळ्या चॅनलमध्ये काटा येतो.

राहिलेली मोठी उणीव दिशेची आहे. चारही एचबी१०० ना पुढे-मागे कळत नाही, आणि सुमारे १५ हर्ट्झच्या खाली आमचा ॲम्प्लिफायरच आंधळा आहे, त्यामुळे फळी घिरट्या घालत असताना हिरवा दिवा लागत-विझत राहतो. अपोलोच्या रडारलाही शून्य डॉपलरजवळ पकड सोडण्याची खोड होती, पण तिथे तेवढा वेळ सांभाळून घ्यायला जायरोचा संच होता. नव्यानं करणाऱ्यांनी चारही वेग-बीमना सुरुवातीपासून आय-क्यू मॉड्यूलच घ्यावीत. खर्च बारा-पंधरा हजारांनी वाढेल. पण एलएनबी आणि एसडीआर यांची गरज उरणार नाही, कारण तेव्हा चौघांना वेगवेगळी फ्रिक्वेन्सी तुम्हीच नेमून देऊ शकता.